तिथी पाहावी, पण ओल आधी पाहावी

मृग तोंडावर आला की, आणि पुन्हा दिवाळी आटोपली की, वर्षातून दोनदा आपल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो : लागवडीला दिवस कोणता धरायचा? घरातली वडीलधारी मंडळी खुंटीवरचे कॅलेंडर उतरवतात आणि तिथीवर बोट ठेवतात. पालेभाजी, शेंगा, वेल ही वर वाढणारी पिके शुक्ल पक्षात, म्हणजे चंद्र चढता असताना टाकावीत. कांदा, मुळा, लसूण, रताळी ही जमिनीखाली पोसणारी पिके कृष्ण पक्षात, चंद्र उतरता असताना लावावीत. अमावास्येला औत धरू नये. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे त्याला कीड लागत नाही. असे हे नियम एका पिढीकडून दुसरीकडे आले आहेत.

नव्या सुनेला किंवा शाळा शिकलेल्या मुलाला मात्र शंका येते. वाफा तयार आहे, ओल चांगली आहे, बी घरात आहे. मग केवळ तिथी नाही म्हणून आठ-दहा दिवस थांबायचे का? सासूबाई म्हणतात थांब, मुलगा म्हणतो टाकून दे. हा वाद घरोघरचा आहे. तो भांडून सुटणारा नाही, तपासून सुटणारा आहे. आणि तपासून पाहण्याची सवय ज्या गावाने देशाला लावली, ते गाव आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे.

सेवाग्रामची सवय

वर्ध्याहून आठ किलोमीटरवर, काळ्या जमिनीच्या वावरांमध्ये सेवाग्राम वसले आहे. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी गल्लत होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. त्याआधी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना, १९३५ मध्ये, गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हिरव्या पाल्याच्या उपयोगावर लिहिले होते. नुसते ऐकून लिहिले नव्हते. आसपास मिळणारा पाला स्वतःच्या जेवणात घेऊन पाहिला आणि मग लिहिले. आपल्या आत्मचरित्रालाही त्यांनी 'सत्याचे प्रयोग' असेच म्हटले आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा मांडला. त्यात सूतकताईबरोबर शेती हाही शिक्षणाचा उद्योग मानला गेला. मुलाने नुसते पुस्तकात वाचायचे नाही. बी टाकायचे, रोप मोजायचे, पीक तोलायचे आणि त्यातूनच गणित व विज्ञान शिकायचे, अशी ती कल्पना. सेवाग्रामच्या नई तालीम परिसरात २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा चालू आहे, आणि तिथेही मातीतले काम हा शिक्षणाचाच भाग आहे.

तेव्हा चंद्र आणि लागवड हा प्रश्नही आपण त्याच रीतीने हाताळू या. वडिलांचे म्हणणे हसण्यावारी न्यायचे नाही, आणि डोळे मिटून मानायचेही नाही.

आपली दोन नक्षत्रे

पहिली गोष्ट अशी, की शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरतो ती चंद्राची नक्षत्रे नव्हेतच. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. सूर्य त्या नक्षत्रात गेला की आपण म्हणतो, मृग लागला, आर्द्रा लागली. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि सत्तावीस नक्षत्रे मिळून त्याचे वर्ष पुरे होते. म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो. आर्द्रा २१-२२ जूनला, मघा १६-१७ ऑगस्टला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास. इंग्रजी तारखेशी त्यांचे जमते, कारण दोन्ही हिशेब सूर्याचेच आहेत.

पंचांगात रोजच्या तिथीशेजारी जे नक्षत्र छापलेले असते ते मात्र चंद्राचे. चंद्र सुमारे एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो आणि साधारण सव्वासत्तावीस दिवसांत सगळी फिरून येतो. नावे तीच, पण घड्याळे दोन. 'आज मृग आहे' असे कॅलेंडरमध्ये पौष महिन्यातही सापडेल. म्हणून काही कोणी तिफण बाहेर काढत नाही.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो, आणि तो भरून काढण्यासाठी साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालावा लागतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता. त्या वर्षी पोळा १४ सप्टेंबरला आला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. श्रावणातली अमावास्या तीच, पण एका वर्षी पोळा उत्तरेच्या तोंडाशी आणि दोन वर्षांनी मघेत. बैलांच्या खांदेमळणीला हा फरक चालतो. पऱ्हाटीला चालत नाही.

आता मृगाकडे पाहा. २०२३ मध्ये मृग लागला तेव्हा ज्येष्ठाचा वद्य पक्ष चालू होता. २०२४ मध्ये अमावास्या होऊन एक-दोनच दिवस झाले होते. २०२५ मध्ये पौर्णिमा तीन दिवसांवर होती. म्हणजे मृग त्याच तारखांना आला, पण चंद्र तिन्ही वर्षी वेगळा. पक्ष पाहूनच पेरायचे ठरवले असते, तर एकाच पिकाची पेरणी तीन वर्षांत तीन वेगळ्या वेळी करावी लागली असती. आपल्या पूर्वजांनी शेतातली पेरणी सूर्याच्या नक्षत्राला बांधली आणि सणवार, लग्नकार्य, उपासतापास चंद्राच्या तिथीला बांधले. ही वाटणी त्यांनी विचारपूर्वकच केली असली पाहिजे.

हळदीने मोडलेला नियम

जमिनीखालचे पीक उतरत्या चंद्रावर लावावे, हा नियम आपल्याकडे सर्वत्र पाळला जातो असेही नाही. हळदीचेच घ्या. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आता सगळ्यांना ठाऊक आहे. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद ही पूर्णपणे जमिनीखाली पोसणारी. पण महाराष्ट्रात हळद लावण्याचा जुना मुहूर्त कोणता? अक्षय तृतीया. ती वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे चढता चंद्र. नियमाप्रमाणे हे उलटेच झाले. तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्या मुहूर्तावर हळद लावली गेली आणि पिकलीही.

याचे कारण उघड आहे. अक्षय तृतीयेपासून पुढे हळदीच्या बेण्याला लागणारी ऊब जमिनीत असते, आणि रोपे वर येऊन स्थिरावतात तोवर पाऊस येतो. हळदीला ऋतू सोसला, पक्ष नव्हे. शिवाय तो दिवसही सरकतो. २०२३ मध्ये अक्षय तृतीया २२ एप्रिलला होती, २०२४ मध्ये १० मेला. अठरा दिवसांचा फरक. जाणता शेतकरी त्या दिवशी पूजेपुरते चार गड्डे लावतो आणि उरलेली लागवड जमीन, पाणी व मजूर पाहून करतो. तेच शहाणपण होय.

जुने ग्रंथही हेच दाखवतात. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त, म्हणजे सहाव्या शतकात, वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडे लावायला कोणती नक्षत्रे चांगली याची यादी त्यात आहे. पण त्याच अध्यायात दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हात किमान असावे, असेही सांगितले आहे. बियांवर करायचे संस्कार, खत आणि झाडांचे रोगही सांगितले आहेत. आपण नक्षत्राचे तेवढे लक्षात ठेवले आणि अंतराचे विसरलो, असे तर झाले नाही ना? संत्र्याच्या किंवा आंब्याच्या दाट लावलेल्या बागेकडे एकदा पाहावे.

भरती-ओहोटी आणि विहिरीचे पाणी

चंद्र समुद्राला ओढतो, मग झाडातला रस का ओढणार नाही, असे अनेकजण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

समुद्राला भरती येते ती पाणी हजारो कोस पसरलेले असते म्हणून. पृथ्वीच्या एका बाजूवर चंद्राची ओढ थोडी जास्त, दुसऱ्या बाजूवर थोडी कमी. या फरकातून भरती होते. घागरीच्या या काठापासून त्या काठापर्यंत असा फरक पडतच नाही म्हटले तरी चालेल. घागरीला, हौदाला, गावतळ्याला भरती येत नाही. मेथीच्या देठात तर पाणी त्याहूनही कितीतरी कमी असते.

दुसरे असे, की समुद्राला मोठे उधाण पौर्णिमेला येते तसेच अमावास्येलाही येते. कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला विचारावे. मग भरतीच्या नियमाने झाडाचा रस पौर्णिमेला चढत असेल, तर अमावास्येलाही चढायला हवा. चढत्या चंद्रावर रस वर आणि उतरत्या चंद्रावर खाली, हे भरतीच्या हिशेबात बसत नाही.

राहिला चंद्रप्रकाश. पौर्णिमेचे चांदणे कितीही टिपूर वाटले, तरी भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे चार लाखांव्या हिश्शाइतकेच असते. तेवढ्या उजेडावर पान अन्न तयार करू शकत नाही.

परदेशात झालेल्या चाचण्या

ही समजूत केवळ आपली नाही. युरोपातल्या शेतकऱ्यांतही ती जुनी आहे. १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर यांनी शेतीवर व्याख्याने दिली आणि त्यांतून बायोडायनॅमिक शेतीची पद्धत निघाली. पुढे जर्मनीतील मारिया थुन या बाईंनी मुळ्याच्या पेरण्या करून चंद्र कोणत्या राशीत असताना काय पेरावे याचे कोष्टक बसवले. १९६३ पासून त्यांचे पेरणीचे कॅलेंडर निघू लागले. मुळाचे दिवस, पानाचे दिवस, फुलाचे दिवस, फळाचे दिवस अशी त्यात विभागणी असते. आपल्याकडेही सेंद्रिय शेती करणारे काहीजण हे कॅलेंडर वापरतात.

याची चाचणी झाली. जर्मनीतच, बायोडायनॅमिक शेतीवर काम करणारे संशोधक हार्टमुट स्पीस यांनी राय आणि मुळा या पिकांच्या वेगवेगळ्या तारखांना पेरण्या करून मोजमाप केले आणि १९९० मध्ये ते प्रसिद्ध केले. राशींप्रमाणे मुळाचे, पानाचे दिवस वेगळे ठरतात, या म्हणण्याला त्यांच्या मोजमापातून पुष्टी मिळाली नाही. २०२० मध्ये स्पेनमधील वॅलेन्सिया विद्यापीठातील संशोधकांनी या विषयावरचे लिखाण आणि पाठ्यपुस्तके तपासली. चंद्राच्या कलांचा पिकांच्या वाढीवर परिणाम होतो, याला विज्ञानाचा भरवशाचा आधार सापडत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

मग बायोडायनॅमिक शेतकऱ्यांची बाग चांगली का दिसते? कारण ते कंपोस्ट काळजीपूर्वक करतात, आच्छादन घालतात, रोज बागेत फिरतात आणि प्रत्येक काम ठरल्या दिवशी करतात. जो माणूस तिथी पाहून वाफ्याकडे जातो, तो निदान वाफ्याकडे जातो. निम्मे यश तिथेच आहे.

चंद्र जिथे खरोखर काम करतो

याचा अर्थ शेतात चंद्राला काहीच स्थान नाही असा नव्हे. रात्री उडणाऱ्या किडींवर चांदण्याचा परिणाम होतो. प्रकाश सापळा लावणाऱ्यांना ठाऊक आहे, की पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात पतंग कमी येतात आणि काळोख्या रात्री जास्त येतात.

आपल्या कापूस पट्ट्यात ही बाब फार महत्त्वाची ठरली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाच्या पऱ्हाटीचे किती नुकसान केले, ते कोणी विसरलेले नाही. या अळीचे पतंग निशाचर असतात, आणि अमावास्येच्या काळोख्या रात्रींच्या सुमारास अंडी घालण्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्या दिवसांत पिकावर लक्ष ठेवा, असे कृषी सल्ल्यात सांगितले जाते. अंड्यातून अळी बाहेर यायला तीन ते सहा दिवस लागतात. एकदा ती बोंडात शिरली, की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून फुले-पात्या लागल्यापासून प्रत्येक अमावास्या ध्यानात ठेवणे फायद्याचे आहे.

परंतु इथेही नुसत्या तिथीवर फवारणी करू नये. निरीक्षणासाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि रोज सकाळी पतंग मोजावेत. एका सापळ्यात रोज आठ पतंग याप्रमाणे सलग तीन दिवस आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. फवारणीचे औषध व मात्रा यासाठी सेलसुराच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या कृषी सहायकाकडे विचारावे. अमावास्या सांगते 'जागे राहा', सापळा सांगतो 'आता उठा'.

बांबूचीही तीच गोष्ट. बांबू पोखरणारे बारीक भुंगे त्यातल्या पिठूळ अंशावर जगतात. तो अंश कोवळ्या बांबूत जास्त असतो आणि ऋतूप्रमाणेही कमीजास्त होतो. म्हणून तीन वर्षांवरचा पक्का बांबू, पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडावा आणि तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा. सेवाग्रामच्या आश्रमातल्या कुट्या माती, बांबू आणि कौलांच्याच आहेत, आणि वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या व बांबूच्या घरांवर बरेच काम केले आहे. बांबूचे वय आणि तोडणीचा हंगाम सांभाळला, तर अंधारा पंधरवडा पाळला काय नि न पाळला काय, छप्पर टिकते. कोवळा बांबू भर पावसात तोडला, तर कोणतीही तिथी त्याला वाचवत नाही.

थांबण्याची किंमत

तिथीसाठी थांबल्याने काय बिघडते? परसातल्या वाफ्याचे फारसे बिघडत नाही, कारण तिथे घागरभर पाणी घालता येते. कोरडवाहू वावराचे मात्र बिघडते. आपली काळी जमीन पावसात चिकट होते आणि उघडीप मिळाली की वापशावर येते. हा वापसा थोडेच दिवस टिकतो. मग ऊन लागून वरची माती सुकते आणि भेगा पडतात. त्या चार दिवसांत बी पडले तर उगवण एकसारखी होते. ते दिवस मुहूर्ताच्या वादात गेले, तर पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते.

उलट बाजूनेही नुकसान होते. मृगाचा मुहूर्त साधायचा म्हणून एका सरीवर पेरून टाकले आणि पावसाने दडी मारली, की दुबार पेरणी आली. बियाणे पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि त्यासाठी कर्जही पुन्हा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विद्यापीठे सांगतात ते याचसाठी. मुठीत माती घ्यावी, दाबावी, गोळा करून सोडावा. गोळा पडताच फुटला तर वापसा आहे. चिकटून राहिला तर थांबावे. गोळाच झाला नाही तर ओल नाही. लागवडीचे सर्वांत जुने आणि सर्वांत खरे पंचांग हे आहे.

परसबागेत तिथीचा खरा उपयोग

इतके सांगितल्यावर, तिथी टाकून द्यावी काय? मुळीच नाही. तिथी ही गावाच्या आकाशात टांगलेली घंटा आहे. तिला किल्ली द्यावी लागत नाही, वीज लागत नाही आणि वाचता न येणाऱ्या आजीलाही ती कळते. घरच्या भाजीसाठी अशा घंटेचा फार उपयोग आहे.

परसबागेतली सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे बी एकदम टाकणे. मग आठवडाभर मेथीच मेथी, शेजारी वाटून संपत नाही, आणि पुढचा महिनाभर बाजाराची पिशवी. यावर उपाय एकच : दर पंधरवड्याला लहान वाफा. त्यासाठी चंद्रासारखी दुसरी आठवण नाही.

शुद्ध द्वितीयेला चंद्रकोर दिसली की मेथी आणि सांबाराचा एक वाफा टाकावा. पौर्णिमेला पालक आणि मुळ्याचा एक वाफा टाकावा. दोन्ही अष्टमींना खुरपणी करावी, वेलांना आधार द्यावा, पाने उलटून मावा आणि अळ्या पाहाव्यात. अमावास्येला बैलांना विसावा असतोच. त्या दिवशी बियांना ऊन द्यावे, खुरपी-विळ्यांना धार लावावी, खताचा ढीग खालीवर करावा. मुक्या जनावराला महिन्यातून एक हक्काची सुटी देणारी ही रूढी मोडण्याचे काहीच कारण नाही.

पिकांचे दिवसही चंद्रावर मोजता येतात. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस. मेथी एका चंद्राची : या कोरीला टाकली की पुढच्या कोरीला खुडायला येते. पालकाची पहिली कापणीही साधारण तेवढ्यातच. सांबार सव्वा ते दीड चंद्राचा, मुळा दीड चंद्राचा. भेंडीचा पहिला तोडा दीड चंद्राने. वांगी, मिरची, टमाट्याची रोपे वाफ्यात एका चंद्राहून थोडी अधिक राहतात, आणि वांग्याचे पहिले फळ लावणीनंतर दोन चंद्रांनी. कांद्याचे रोप दोन चंद्रांचे, आणि लावणीपासून काढणीपर्यंत चार. लसूण चार ते साडेचार. हा हिशेब भिंतीवर खडूने लिहून ठेवला, तर घरातल्या कोणालाही पुढची भाजी कधी येणार ते सांगता येईल.

ऋतूचे बंधन मात्र सूर्याचे, हे विसरू नये. मृग-आर्द्रेच्या ओलीवर भेंडी, गवार, चवळी, दोडके, कारली, लौकी. आश्विन-कार्तिकापासून पौषापर्यंत मेथी, पालक, सांबार, मुळा, गाजर. माघ-फाल्गुनात पाणी असेल तर ढेमसे, काकडी आणि उन्हाळी भेंडी. वैशाखात शुद्ध द्वितीयेला पेरलेला पालकही उन्हाने फुलावर जातो, त्याला चंद्र काय करणार?

सात वाफ्यांचा प्रयोग

आणि तरीही घरातला वाद मिटला नसेल, तर प्रयोग करावा. खर्च मुळ्याच्या एका पुड्याचा.

दोन हात रुंद, चार हात लांब असे सात वाफे सारख्या मातीत, सारख्या उन्हात करावेत. प्रत्येकात सारख्याच घमेल्यांनी शेणखत घालावे. आश्विन वद्य पंचमीला पहिला वाफा पेरावा. मग कार्तिक शुद्ध पंचमी, कार्तिक वद्य पंचमी, मार्गशीर्ष शुद्ध, मार्गशीर्ष वद्य, पौष शुद्ध आणि पौष वद्य पंचमी, असे एकेक करत सातवा. दर वेळी त्याच पुड्यातले शंभर बी मोजून, सारख्याच खोलीवर टाकावे आणि पाणी सारखे द्यावे. आठव्या दिवशी किती उगवले ते मोजावे. पंचेचाळिसाव्या दिवशी पाला कापून मुळे तोलावेत. वजन, त्या दिवसांतली थंडी आणि पाऊस वहीत लिहावा. ही वही शाळेत जाणाऱ्या मुलीकडे द्यावी.

आता तुलना करावी. शुद्ध पक्षातला प्रत्येक वाफा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन वद्य वाफ्यांच्या सरासरीशी ताडून पाहावा. असे का? कारण थंडी वाढत जाते तसा मुळ्यातही फरक पडतो. मागचा-पुढचा मिळून हिशेब केला की थंडीचा वाटा बराचसा निघून जातो. अशा तीन तुलना एका हिवाळ्यात होतील. मुळा उतरत्या चंद्रावर खरेच जास्त पोसत असेल, तर तिन्ही वेळा वद्य पक्षाची बाजू जड झाली पाहिजे, आणि पुढच्या वर्षीही झाली पाहिजे. कधी इकडे, कधी तिकडे झाली, तर फरक चंद्राचा नव्हे, खताचा, पाण्याचा किंवा हवेचा आहे असे समजावे. एका वर्षाच्या वजनावर निकाल देऊ नये.

असा प्रयोग सासू आणि सून दोघींनी मिळून केला, तर आणखी एक गोष्ट होईल. कोण बरोबर हे ठरेल तेव्हा ठरो, पण तीन महिने घरात ताजा मुळा आणि त्याचा पाला येत राहील. ज्या पाल्याची महती नव्वद वर्षांमागे मगनवाडीत लिहिली गेली, तो पाला आजही अनेक घरांत उकिरड्यावर जातो. मुळ्याच्या पाल्याची भाजी बाळंतिणीला, वाढत्या मुलीला, डबा घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलाला मोलाची आहे.

आजे-पणजे चंद्राकडे पाहत, कारण त्यांना आभाळाकडे पाहण्याची सवय होती. ती सवय आपणही सोडू नये. द्वितीयेची कोर पाहून वाफ्याकडे जावे, अमावास्येला बैल सोडावेत आणि पऱ्हाटीतले सापळे मोजावेत. पण बी हातात घेतल्यावर शेवटचे विचारायचे ते मातीला. मूठभर माती दाबून पाहावी. ती हो म्हणाली, की तिथी कोणतीही असो, लागवडीला दिवस चांगला आहे.